फ्लायकॅचर मोडू नये म्हणून

अप्पांनी आयुष्यभर छोटी, रिमोटवरची विमानं केली. सगळी लाकडाची, सगळी उडणारी आणि बहुतेक सगळी देखणी. शेवटचं जे करायला घेतलं, ते मात्र पहिल्या नजरेत कुणालाच आवडलं नाही.

त्याचं नाव फेअरी फ्लायकॅचर. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या नौदलाकडे असलेलं, जहाजाच्या डेकवरून उडणारं, एका माणसाचं लढाऊ विमान. एकावर एक असे दोन मजली पंख, फुगलेलं नाक, पाठीला मध्येच बाक, आणि पाय असे फेंगडे की आता शड्डू ठोकतंय की काय असं वाटावं. अप्पांच्या मुलीने, भैरवीने, पुण्याच्या एका रद्दीच्या दुकानातून त्याच्या फोटोंचं जुनं पुस्तक आणलं होतं. ते बघून अप्पांचे मित्र अमरसिंह काका म्हणाले होते, "अप्पा, ह्येची तालीम सुटली, पण खुराक काय सुटला न्हाई."

"म्हणूनच करतोय," अप्पा म्हणाले. "ओळखीचं वाटलं."

अमरसिंह काका तरुणपणी कुस्ती खेळायचे. आता उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं आणि पोटही त्याच मापाचं होतं. अप्पांचा टोला कळून तेच सगळ्यांत आधी हसले.

भैरवी कॉलेजात इतिहास शिकवायची. रविवारी सकाळी ती मागच्या खोलीत बसून ते इंग्रजी पुस्तक अप्पांना मराठीत वाचून दाखवायची. टेक्निकल हायस्कूलात सुतारकाम शिकवण्यात अप्पांचा जन्म गेला होता. हात कामात आणि कान पुस्तकात ठेवायची त्यांना सवय होती. पुस्तकात लिहिलं होतं, या बेढब विमानावर वैमानिक जीव टाकायचे. सूर मारताना ते असा काही आवाज काढायचं की खालची माणसं हातातलं काम सोडून वर बघत. पंखांची मागची सबंध कड खाली झुकवता यायची, त्यामुळे थोडक्या जागेतून ते उचललं जाई. जहाजावर जागा कमी, म्हणून ते सुटं करून छोट्या छोट्या भागांत ठेवता यायचं. आणि पायांच्या तऱ्हा तीन. डेकवर उतरायला चाकं. समुद्रावर उतरायला दोन लांबट होड्यांसारखे फ्लोट. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे फ्लोटच्या पोटातच बसवलेली चाकं, जमिनीवरही चालतील आणि पाण्यावरही.

या तीन तऱ्हांवरून अप्पांच्या मित्रांत जी भांडणं झाली, तशी त्यांच्या घरच्या वाटण्यांतही झाली नसतील. अमरसिंह काकांना चाकं हवी होती. "पाण्यात म्हशी जात्यात मर्दा, इमानं न्हाईत." आकाराम काका हुपरीचे. घरातच पैंजणांचा कारखाना, बोलणं कमी, पण बोलले की ठाम. त्यांना तिसरी तऱ्हा पसंत. "दोन्ही घाला की. बेडकाचं कुठं काय अडलंय?" आणि राजारामपुरीतले दातांचे डॉक्टर विश्वजित काका, म्हणजे या सगळ्यांत विमान उडवण्यात पटाईत माणूस, त्यांना फ्लोटच हवे. "चाकांवरून कुणीही उडवतं. पाण्यावरून उचललं तर मजा."

अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तिन्ही करू. पण आधी पाणी."

त्यानंतर गणपती आले आणि गेले. एका दुपारी जेवून आडवे झालेले अप्पा उठले नाहीत.

मागच्या खोलीत टेबलावर विमान तसंच राहिलं. वरचे पंख पूर्ण झालेले, चंदेरी प्लास्टिकची पातळ फिल्म चढवलेले. खालच्या पंखांचा नुसता सांगाडा. पुढे भैरवीच्या आईच्या, माईंच्या, शिलाईच्या दोऱ्यांची रिकामी रिळं कापून केलेलं खोटं इंजिन, त्याच्यामागे बॅटरीवर चालणारी खरी मोटर. फ्लोटचं फक्त चित्र काढलेलं होतं. भैरवी कॉलेजातून आली की चहाचा कप घेऊन तिथे बसायची. वाचायला पुस्तक न्यायची, पण पान उलटायचं राहून जायचं.

थंडी सरताना एका रविवारी तिघे मित्र आले. भैरवीने चहा दिला आणि तिचं ठरलेलं सांगून टाकलं. विमान आहे तसंच दिवाणखान्यात छताला टांगायचं. हुक तिने बघूनही ठेवले होते.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस गेलेल्या घरात वाद घालायचा नसतो, एवढं तिघांनाही कळत होतं, त्यामुळे ते बिस्किटं खात राहिले. वाद घातला तो माईंनी.

"टांगायचं? आणि धूळ कोण पुसणार?"

"मी पुसेन, माई."

"तू वर्षभर पंखा पुसला नाहीस. त्याला पाती तीनच आहेत."

"माई, अप्पांच्या हातचं ते शेवटचं आहे."

"मला माहीत नाही का?" माई म्हणाल्या. मग थोड्या हळू आवाजात, "मी सगळा श्रावण ऐकलंय, पाण्यावरून कसं उचलेल ते. जेवताना सुद्धा तेच. मला एकदा बघायचंय बाई. उचलतंय का नाही ते."

मग अमरसिंह काका खाकरले. "वहिनी म्हणत्यात तर बघू या की. तसं ते सुटंच होतंय. आम्ही एकेक भाग घरी नेतो, पुरा करून आणतो. तुला कायच तरास न्हाई."

भैरवीला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं तर माईंना म्हणावं लागलं असतं.

तेव्हा विमान जहाजावर सुटं करतात तसं सुटं झालं. धडाचा पुढचा भाग, मोटर आणि बॅटरीसकट, अमरसिंह काकांनी उचलला. खालच्या पंखांचा सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून विश्वजित काकांनी गाडीच्या मागच्या सीटवर आजाऱ्यासारखा निजवला. फ्लोटचं चित्र आणि लाकूड घेऊन आकाराम काका हुपरीच्या एसटीत बसले. निघताना भैरवी प्रत्येकाला सोडायला दारापर्यंत गेली, आणि पुढचे काही आठवडे प्रत्येकाला दर आठवड्याला फोन करत राहिली. बोलणं दोन मिनिटांचं. शेवटी एकच वाक्य. "काका, तेवढं मोडू नये असं बघा."

"बिनघोर राहा," तिघेही म्हणाले.

मार्चच्या सुरुवातीला विमान पुन्हा जोडलं गेलं. दिसायला ते खरोखरच झकास दिसत होतं. फ्लोट असे गुळगुळीत की बोट ठेवलं तर घसरावं. रंकाळ्यावर माणसांची गर्दी, तिथे मोडतोड नको म्हणून अमरसिंह काकांच्या सासुरवाडीजवळचा, गारगोटीच्या अलीकडचा एक पाझर तलाव ठरला. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे जाताना विश्वजित काका गाडी इतकी सावकाश चालवत होते की मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला ओरडून गेला, "पावणं, आत बाळंतीण हाय काय?"

"व्हय!" अमरसिंह काका खिडकीतून ओरडले. "जुळं हाय!"

तलावावर वारा पडलेला होता. पाणी आरशासारखं. विश्वजित काकांनी रिमोट गळ्यात अडकवला आणि टोपी उलटी केली. त्यांचं तसं केल्याशिवाय विमान उडत नसे. आकाराम काकांनी गुडघाभर पाण्यात उतरून विमान अलगद ठेवलं. ते तरंगलं. माईंनी टाळी वाजवली.

"थांबा वहिनी, हे तर म्हैस पण करती," अमरसिंह काका म्हणाले.

मोटर घोंगावली. फ्लायकॅचर पुढे निघालं, पाण्यावर दोन पांढऱ्या रेघा ओढत. वेग वाढला, रेघा जाड झाल्या, पाणी उडालं. तलावाच्या पार पलीकडच्या काठापर्यंत ते तसंच गेलं आणि काठाशी वळून परत आलं. पुन्हा गेलं. पुन्हा आलं.

"हे इमान हाय का लाँच?" अमरसिंह काका म्हणाले. "तिकीट लावू या का?"

"पाणी सपाट आहे, म्हणून चिकटतंय," विश्वजित काका म्हणाले. "थोड्या लाटा असत्या तर सुटलं असतं. पाणी कुणीतरी हलवायला पाहिजे."

हे त्यांनी सहज म्हटलं होतं. पण तोवर अमरसिंह काकांचा शर्ट निघाला होता. पंचाहत्तरीकडे झुकलेला तो देह काठावरून सूर मारून आत गेला तेव्हा लाटा उठल्या, यात काही शंका नाही. दोन टिटव्या ओरडत पळाल्या, काठावरच्या दगडांवर पाणी चढलं आणि माईंची चप्पल वाहून गेली. विमान लाटांवर डुचमळलं, दोनदा नाक वर करून उसासल्यासारखं झालं आणि पुन्हा पाण्यात बसलं. एक वीतभरसुद्धा वर गेलं नाही.

भैरवी काठावर हात बांधून उभी होती. तिच्या मनात काय चाललंय ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. उडालं नाही म्हणजे मोडणारही नाही, असं काहीतरी हलकं तिला वाटून गेलं आणि लगेच तिने माईंच्या तोंडाकडे पाहिलं. माई अजून विमानाकडेच बघत होत्या, मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याचं भाषण विसरलं गेलं की आया बघतात तशा.

जेवायला चिंचेखाली बसले तेव्हा भांडण पेटलं.

"फ्लोट जड आहेत," विश्वजित काका म्हणाले.

"माझे फ्लोट?" आकाराम काका भाकरीचा तुकडा हातातच ठेवून म्हणाले. "पंख बघा आधी. मागची कड अर्धीच खाली येतीया. मी बघितलं की."

"पंखांना काय झालंय?"

"मग नाक बघा," दोघेही अमरसिंह काकांकडे वळले. अमरसिंह काका ओल्या अंगावर माईंची शाल घेऊन बसले होते. त्यांनी ठेचा जास्त झाल्यासारखं तोंड केलं.

"बॅटरीचं झाकण काढू या," विश्वजित काका म्हणाले.

"जेवताना कशाला?" अमरसिंह काका म्हणाले.

तेव्हा मात्र माई उठल्या. त्या सरळ विमानाजवळ गेल्या, झाकण स्वतःच उघडलं आणि आत बोट घालून ठोकलं. आवाज लोखंडाचा आला.

"हे काय?"

"प्लेट हाय," अमरसिंह काका म्हणाले. "मोटरच्या मागं. अप्पानं नुसतं प्लायवूड घातलतं वहिनी, पापडावाणी. उद्या मोटर निसटली म्हंजे? म्हणून जरा पोलादी टाकली. आन् चार बोल्ट."

"जरा!" विश्वजित काका ओरडले. "ट्रॅक्टरचं इंजिन बसेल त्याच्यावर!"

"तुमचं सांगा डॉक्टर," माई म्हणाल्या.

विश्वजित काकांनी टोपी सुलटी केली. खालच्या पंखाच्या प्रत्येक फासळीला अप्पांनी वजन कमी व्हावं म्हणून गोल गोल भोकं पाडली होती. "मला माहीत होतं ती कशाला आहेत ते. मीच इतरांना सांगतो, लाकूड काढा म्हणून. पण अप्पा नाही आता, आणि ती फासळी हातात घेतली की इतकी…" ते थांबले. "चाळीस वर्षं भोक दिसलं की भरलंय हो मी. हात थांबला नाही. भरली. रेझिनने. आणि कडेला पण एक हात दिला."

आकाराम काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "दाढा भरल्या! इमानाच्या दाढा भरल्या!"

"आणि तुम्ही?" माई.

आकाराम काकांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं. फ्लोटच्या तळाला, लाकडाच्या आतून, त्यांनी जर्मन सिल्व्हरचा पत्रा बसवला होता. सांधे झाळून जोडले होते, घासून गुळगुळीत केले होते, वरून रंग. तळाला दगड लागून फुटू नयेत म्हणून. "लई नाजूक काम झालंय ते," ते हळूच म्हणाले. "दाखवता येईना, एवढंच वाईट वाटत होतं."

मग अमरसिंह काकांना हसू फुटलं, आणि त्या हसण्याने चिंचेवरची पाखरं उडाली.

माई हसल्या नाहीत. "हे सगळं करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"भैरवीनं," अमरसिंह काका म्हणाले. "मोडू नये म्हणाली."

"मला पण तेच," विश्वजित काका म्हणाले. "दर बुधवारी फोन."

"मला रविवारी यायचा," आकाराम काका म्हणाले.

सगळे भैरवीकडे बघू लागले. तिच्या हातात ताकाचा पेला होता. तिच्या एका वाक्याचं इतकं वजन होईल असं तिला वाटलं नव्हतं. ते पोलाद, रेझिन आणि पत्रा होऊन तलावाच्या काठावर बसलं होतं. तिला हसू आलं. हसता हसता ते जरा वेगळीकडे जाऊ लागलं, तेव्हा तिने पटकन ताक पिऊन घेतलं.

"बाळ," विश्वजित काका म्हणाले, "हे सगळं काढता येईल. पण सरळ सांगतो. काढलं की ते अप्पाने केलं होतं तसंच होणार. तो लाकूड कमी करत करत अशा जागी आणायचा, की त्याच्या पुढे ते मोडलंच. उडेल चांगलं. पण कडक उतरलं तर मोडेल. माझ्या हातून मोडू शकतं. तेव्हा तू म्हणशील ते. असंच ठेवू, घरी नेऊन टांगू, कुणी काही म्हणणार नाही."

"वहिनी म्हणतील," अमरसिंह काका पुटपुटले.

"नाही म्हणणार," माई म्हणाल्या. "मी बघितलं. तरंगलं तेवढं बघितलं. पुरे."

माईंच्या तोंडून "पुरे" हा शब्द भैरवीने फार वेळा ऐकला नव्हता. विमान गाडीत ठेवताना तिने शेपटीकडून धरलं, आणि ते किती जड आहे हे तिला पहिल्यांदा नीट कळलं.

घरी आल्यावर तिघे मागच्या खोलीत टेबलाभोवती उभे राहिले. चादर पसरली, पंख उतरवले, पण पुढे कुणाचाच हात होईना. भैरवीने खण उघडून अप्पांचं पातळ पातं काढलं आणि खालच्या पंखावरची फिल्म कडेपासून चिरत नेली. चर्र असा आवाज झाला. विश्वजित काकांनी डोळे मिटून घेतले.

"दाखवा," ती म्हणाली. "कुठे कुठे भरलीत ती."

मग ती दुपार फार मजेची गेली. विश्वजित काकांनी दवाखान्यातून आपलं दातांचं लहानसं मशीन मागवून घेतलं आणि स्वतः भरलेल्या भोकांतलं रेझिन स्वतःच कोरू लागले. मशीनची ती ओळखीची किर्रर ऐकून अमरसिंह काका खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. "मला न्हाई सोसत," ते दारातून म्हणाले. "पोरगीनं उभं केलंय तुला डॉक्टर, न्हाईतर मी म्हणलं असतं, पेशंटला आधी भूल दे."

"तू प्लेट काढ."

"काढतोय की. बोल्ट हलंनात. कुणी आवळलेत एवढे?"

"तूच."

आकाराम काकांनी फ्लोटचा तळ उकलला आणि पत्रा बाहेर काढला. खरंच तो इतका सुबक झाला होता की माईंनी तो हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, हा फेकायचा नाही, याचं मी काहीतरी करीन. आकाराम काका एवढ्यावर खूष झाले. आपल्या हाताचं काम वहिनींनी बघितलं, मग ते पाण्याखाली गेलं काय आणि नाही काय.

फासळ्यांतली शेवटची भोकं भैरवीने स्वतः कोरली. विश्वजित काकांनी तिला मशीन कसं धरायचं ते दाखवलं. दाब द्यायचा नाही, नुसतं टेकवायचं. लाकूड इतकं पातळ होतं की खिडकीसमोर धरल्यावर उजेड त्यातून गुलाबीसर दिसे. एवढं पातळ करायला अप्पा केवढं घासत बसले असतील. आणि समोर बसून वाचणाऱ्या तिने एकदाही मान वर करून ते पाहिलं नव्हतं. एक फासळी तिच्या हातून तुटली.

विश्वजित काकांनी मशीन बंद केलं.

"दुसरी करू," आकाराम काका म्हणाले.

"मी करते," भैरवी म्हणाली. तिला ती करायला संध्याकाळ झाली आणि ती इतरांपेक्षा जरा वाकडीच झाली, पण बसली.

दोन आठवड्यांनी पुन्हा तोच तलाव. या खेपेला पाण्यावर बारीक वारा होता, त्यामुळे अमरसिंह काकांना शर्ट घालून बसावं लागलं आणि ते जरा नाराज होते. माईंनी चपला गाडीतच ठेवल्या होत्या.

विमान पाण्यात ठेवायला भैरवी उतरली. कुणी तिला सांगितलं नाही. तिने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गेली. पाणी गार होतं, पायांखाली चिखल. तिने शेपटी दोन्ही हातांनी धरली. विश्वजित काकांनी टोपी उलटी केली. पंखांची मागची कड या खेपेला पूर्ण खाली झुकली. मोटर सुरू झाली तशी शेपटी तिच्या हातात थरथरू लागली, सुटायला ओढ घेऊ लागली.

"सोड!" विश्वजित काका म्हणाले.

ती सोडेना.

"भैरवी, सोड की!" तिघे एकदम.

तिने सोडलं.

फ्लायकॅचर पुढे गेलं. दोन पांढऱ्या रेघा पाण्यावर उमटल्या, जाड झाल्या, मग बारीक झाल्या, मग तुटक तुटक, जणू कुणी पाण्यावर टिंबं देत चाललंय, आणि मग रेघा संपल्या आणि विमान पुढे गेलं. पाण्याचे थेंब फ्लोटवरून खाली गळत होते. हातभर वर, मग झाडाएवढं, मग पलीकडच्या उसाच्या वर. तिथे ते एका पंखावर कललं तेव्हा चंदेरी पाठ उन्हात चमकली.

"गेलं!" आकाराम काका ओरडले. एरवी न बोलणारा तो माणूस काठावर उड्या मारत होता. "गेलं, गेलं, वहिनी, गेलं!"

माईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

ते बेढब, फेंगडं विमान वर मात्र अजिबात बेढब दिसत नव्हतं. कसं कुणास ठाऊक, पण वर गेल्यावर त्याचा बाक, फुगलेलं नाक, लोंबते फ्लोट, सगळं आपापल्या जागी होतं. विश्वजित काकांनी त्याला दोन फेऱ्या दिल्या, मग सूर मारला. मोटर छोटी, आवाज काही पुस्तकातल्यासारखा नव्हता, पण बांधावरून गुरं हाकणारी एक म्हातारी थांबून वर बघू लागली.

"कुणाचं हो ते?" तिने विचारलं.

"आमचं," माई म्हणाल्या.

उतरताना ते सुरेख खाली आलं. पाण्यापासून वीतभर असताना उसावरून वाऱ्याचा एक झोत आला, डावा फ्लोट आधी टेकला, त्याचा एक पाय वाकला, खालच्या पंखाचं टोक पाण्यात रुतलं आणि फ्लायकॅचर सावकाश, जवळजवळ अदबीने, पाठीवर उलटलं.

"जाग्यावर पलटी," अमरसिंह काका कुस्तीच्या फडातल्या सवयीने बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

विश्वजित काकांनी रिमोट गळ्यातून काढला. कुणीच भैरवीकडे बघेना. ते बघेपर्यंत ती कमरेएवढ्या पाण्यात पोचली होती. विमानाजवळ जाऊन तिने एक हात त्याच्या पोटाखाली घातला आणि उचललं. पंखांतून पाणी ओघळून तिच्या बाहीत शिरलं.

"मोडलं काय गं?" काठावरून अमरसिंह काकांचा आवाज आला, एवढ्या मोठ्या माणसाच्या मानाने फारच बारीक.

"मोडलं की!" भैरवी ओरडली, आणि तिचा आवाज पाण्यावरून इतका खणखणीत गेला की बांधावरची म्हातारी पुन्हा वळून बघू लागली. "खालचा पंख, डावीकडचा! फ्लोटचा पण एक पाय!"

ती काठावर आल्यावर माईंनी पदर पुढे केला. "आधी ते खाली ठेव. डोकं पूस, सर्दी होईल."

भैरवीने ते खाली ठेवलं नाही. फाटलेल्या फिल्ममधून दोन बोटं आत घालून, चीर कुठल्या फासळीपर्यंत गेली आहे ते ती चाचपत होती.

"विश्वजित काका," ती म्हणाली, "घरातलं पातळ लाकूड संपलंय. कुठून आणता तुम्ही?"